सोनं नव्हे, टंगस्टन

अहो, टंगस्टनपायी मला एकदा डोंबिवलीत पोलिसाने पकडलेलं! नव्वदच्या आसपासची गोष्ट. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी इंजिनियर होते. शास्त्रज्ञांसाठी बनवलेला आमचा पहिला तुकडा पिशवीत घेऊन निघालेले, तर नाक्यावर हवालदाराने रिक्षा थांबवली.

"बाई, काडेपेटीएवढी वस्तू आणि इतकी जड? रंग फासलेलं सोनं ना?"

"अहो, हळू! पडलं तर तुटेल."

"सोनं कधी तुटतं का?"

"तेच तर सांगतेय!"

ऐकेचना. थेट समोरच्या सोनारकाकांकडे घेऊन गेला. काकांनी तुकडा निखाऱ्यात ठेवून फुंकणी मारली. तुकडा लाल झाला, काका घामाघूम झाले, पण त्याचा कोपरासुद्धा वितळला नाही. इतक्या मेहनतीने घासलेला तुकडा काळवंडला, तरी मी मनातून जाम खूश!

काका म्हणाले, "साहेब, माझी सोनं आटवायची मूस वितळेल, हे नाही वितळणार."

"याचं करता काय?" हवालदाराने मला विचारलं.

"शास्त्रज्ञ सूर्यासारखी ऊर्जा देणारी भट्टी बनवतायत. तिला आतून हे चिलखत."

त्याने गार झालेला तुकडा परत दिला. "न्या. फक्त ती भट्टी डोंबिवलीत लावू नका, बाई. आम्हाला मे महिना पुरतो."