डेंग्यूमुक्त गावाचा सरपंच

(तासगावात डॉक्टर अर्फाचा दवाखाना. समोर जवळच्या गावचे सरपंच मानसिंग शाल पांघरून कुडकुडत बसलेत. शेजारी त्यांची बायको साळूबाई.)

मानसिंग : तसं न्हवं, पोरी. डेंग्यू हाय तर हाय. पण आपल्या तिघातच ऱ्हाऊ दे की.

अर्फा : तात्या, रक्ताचा रिपोर्ट आलाय. आरोग्य खात्याला आजच कळवावं लागतं. डॉक्टरला कायदाच आहे तसा.

मानसिंग : तुझा बा रहिमान आन मी एका ताटात जेवलोय.

अर्फा : म्हणून तर तात्या म्हणते. नाव मात्र कळवणार.

मानसिंग : आगं, परवा तालुक्याची समिती येतीया बक्षीस द्यायला! चौकात फ्लेक्स लावलाय, ‘आमचं गाव डेंग्यूमुक्त’. हात जोडून मीच हाय त्यावर.

साळूबाई : मिशी काळी करून.

मानसिंग : तू गप गं! पोरी, मलेरिया म्हण.

अर्फा : तोही कळवावा लागतो.

मानसिंग : मग पटकी?

अर्फा : कॉलरा म्हटलं तर जिल्हा गोळा होईल तुमच्या दारात!

मानसिंग : सरकारला कळवायचा न्हाई आसा एखादा बरा रोग न्हाई व्हय?

साळूबाई : हाय की. मिरवायचा. त्यो ह्यास्नी कवाच झालाय.

अर्फा : तात्या, कळवणं म्हणजे बोभाटा नव्हे. माणसं येतील, साचलेलं पाणी शोधतील. नाहीतर तोच डास उद्या दुसऱ्याला चावेल. घरात कुठं पाणी साचलंय?

मानसिंग : थेंब न्हाई! बॅरल पालथं, हौद कोरडा.

साळूबाई : आन स्लॅबवर?

मानसिंग : तितं काय हाय?

साळूबाई : गेल्या सालचा फ्लेक्स. जळणावर झाकलाय न्हवं का? मधी ह्यो झोळ पडलाय. तुमच्या नाकापासनं मिशीपतूर पाणी, आन त्यात बारकं किडं वळवळत्यात.

मानसिंग : मग वतायचं न्हाई?

साळूबाई : गेलते की. तुमी म्हनला, माझा फोटू हाय, हलवू नगं.

अर्फा : काकी, घरात आणखी कुणाला ताप?

साळूबाई : नातीला. सृष्टीला सकाळधरनं कणकण हाय. शाळंला गेली न्हाई.

मानसिंग : मला का न्हाई सांगितलं?

साळूबाई : तुमी फोनवर समितीच्या जेवणाचं ठरवत हुता.

(मानसिंग शाल टाकून उठायला बघतात.)

अर्फा : घाबरू नका, तात्या. पण तिला आत्ताच घेऊन या.

मानसिंग : आणतो. पयला तू फोन लाव. माझं नाव सांग, सरपंच म्हणून सांग. माणसं आजच धाड म्हणावं.

अर्फा : आणि समिती?

मानसिंग : खड्ड्यात गेली समिती. नात हाय ती माझी.

अर्फा : डास कुठं झाले म्हणून सांगू?

मानसिंग : सांग... सरपंचाच्या मिशीत.

साळूबाई : उठा, धरा माझा हात. चौकातल्या फ्लेक्साचं काय करायचं?

मानसिंग : उतरवायला सांग. आन ह्यो कशावर झाकू नगं.