दांडी तेवढी मंजूर

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आपल्या मॅडम, त्यांचे यजमान आणि सभागृहातील सुजनहो,

इथे सगळे मॅडमचे सहकारी. मग मी कोण? ज्याच्या पेटंटच्या अर्जावर त्यांनी काट मारली, तो मी. मला निरोपाला बोलवायची कल्पना त्यांचीच. ती मात्र दुसऱ्या कुणाला सुचली नसती!

मी वॉकर, कुबड्या बनवतो. अर्धांगवायूनंतर आई चाकांच्या वॉकरने चालायची. एकदा त्यावर भार टाकून बसायला गेली, वॉकर पुढे पळाला आणि ती आपटली. मग मी चाकांना स्प्रिंगा लावल्या. भार पडला की चाकं आत दबतात, वॉकरचे पाय जमिनीला टेकतात, तो थांबतो. "जगात कुणाला सुचलं नाही ते माझ्या लेकाला सुचलं," आई सांगत सुटली.

पेटंट कार्यालयात मॅडमपुढे सुनावणीला मी ऐटीत गेलो. मॅडमनी वाद घातलाच नाही. कपाटावरची फाईल काढायला पायाने एक घडवंची ढकलली. ती गडगडत गेली. मॅडम वर चढल्या आणि ती जागीच बसली. खाली चाकं, चाकांना स्प्रिंगा!

"पण मी ही कधी पाहिली नव्हती हो. माझं मला सुचलं."

"त्याबद्दल शंकाच नाही. माझा प्रश्न वेगळा असतो. ही घडवंची माहीत असलेल्या तुमच्या धंद्यातल्या दुसऱ्या कुणाला हे सहज सुचलं असतं का?"

मी मान डोलावली. सुचलं असतं. आता आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

मी कागद आवरू लागलो, तर त्यांनी माझ्या आराखड्यावर बोट ठेवलं. "ही आडवी दांडी कशाला?"

"ती होय? आईचा डावा हात चालत नाही. भार एकीकडेच पडून वॉकर कलायचा. दांडीमुळे एका हाताने दाबलं तरी दोन्हीकडचे पाय एकदम टेकतात. साधी गोष्ट आहे."

"साधी? मग आधी काय काय करून पाहिलंत?"

स्प्रिंगा घट्ट केल्या, सैल केल्या, पाय फाकवले, आई पुन्हा पडता पडता वाचली... सांगता सांगता मीच थबकलो.

"उत्तर हाती आलं की सगळंच साधं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्हालासुद्धा."

दांडीसारखं काही आधी कुणी केलंय का, हे त्यांनी कसून शोधलं. सापडलं नाही. दांडी मंजूर झाली, स्प्रिंगा गेल्या. "अर्धंच दिलं का बाईंनी?" आई फुरंगटली. खरं सांगू? राग मलाही होता. स्प्रिंगांचे वॉकर आता कुणीही बनवतं.

परवा दवाखान्यात एक आजोबा तसाच, दुसऱ्या कुणी बनवलेला वॉकर घेऊन बाकापाशी आले. भार टाकला, वॉकर थांबला, ते सावकाश बसले. आईने मला कोपराने ढोसलं. "आपलाच आहे रे तो."

मी नाही म्हटलं नाही.

मॅडम, तुमच्या होकाराचे आभार, आणि नकाराचेही. एवढ्या जाणकारांपुढे माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर ते पदरात घ्यावं.