यजमानाला फेऱ्या नसतात

(कंधारचं बसस्थानक, सकाळ. बाकावर रामकिशन, त्याची बायको नागाबाई आणि धाकटी मुलगी राजकन्या. राजकन्येच्या हातात मोबाईल. पायाशी थोरल्या लखनची पेटी अन् गुंडाळलेली गादी. लखन पलीकडं टपरीवर.)

रामकिशन : आन् आपला भारत कुठाय ह्या फुटबॉलच्या वर्ल्ड कपात? मघापासून बघून राहिलो, झेंडाच दिसंना.

राजकन्या : नाहीच, अण्णा. दुसऱ्याच फेरीत बाहेर. घरच्या मैदानावर अफगाणिस्तानकडून हरला.

रामकिशन : अफगाणिस्तान? त्येंच्याकडं धड मैदान तरी हाय का?

राजकन्या : तेच तर. परमुलखात जाऊन खेळतात बिचारे. तेही अडकलेच. आशियाला थेट जागा आठ, भांडणारे चाळीसच्या वर. गट पाडतात. गटातल्या प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा त्याच्या. वरचे दोघं पुढं, बाकीच्यांनी घर गाठायचं. पुन्हा नवे गट, पुन्हा तेच.

रामकिशन : लई खटाटोप. समद्यांनाच?

राजकन्या : यजमानांना नाही. ज्यांच्या घरी वर्ल्ड कप, ते थेट आत. औंदा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. पात्रतेची एक मॅच नाही.

रामकिशन : बराबर हाय. ज्याचं घर त्याला पयला मान. त्याला कोन इचारणार, तू लायक हाईस का म्हणून?

राजकन्या : हाव. लखनदादाला तरी कुणी विचारलं?

रामकिशन : आलीस का मुद्द्यावर! मला वाटलंच, ही फुटबॉल कुणीकडं ढकलून राहिली.

राजकन्या : त्याला दहावीला बावन्न टक्के, तरी थेट लातूर. क्लास, खोली, मेस. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत काय दिवे लावले ते गावाला ठाऊक. आता परत लातूर. माझे त्र्याण्णव, तर म्हणे आधी कंधारात बारावी कर, मग बघू.

रामकिशन : बघू म्हणलो. न्हाई म्हणलो का?

राजकन्या : ‘बघू’ ही कितवी फेरी असते, अण्णा?

रामकिशन : जबान आवर. पोरीला लातुरात एकली ठिवून खामखा लोकायच्या तोंडी द्यायची का? तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. लखन घरचा. त्याचा जिम्मा हाय माझ्यावर.

राजकन्या : म्हणजे तो यजमान अन् मी पाहुणी.

रामकिशन : तसंच समज.

नागाबाई : त्ये यजमान जिंकतेत का गं? फुकट आत जाऊन?

राजकन्या : मागच्या खेपेला कतार होता, माय. पैसा ओतून मैदानं बांधली. तिन्ही मॅच हरला.

नागाबाई : सोताच्या घरात?

राजकन्या : स्वतःच्या घरात.

नागाबाई : आन् त्यो बारका देश? काल भाकरी करताना सांगून राहिली व्हतीस त्यो?

राजकन्या : कुरासाव. माणसं लातूर शहराच्या निम्मीही नाहीत. फेऱ्या खेळून आत गेला.

रामकिशन : थापा.

राजकन्या : हा घ्या मोबाईल, बघा. अण्णा, तो हरला असता तरी काही बिघडलं नसतं. त्याला मैदानात तर उतरू दिलं! आज दुपारी लातुरात क्लासची निवड-परीक्षा आहे. वर येणाऱ्या पोरींना फी माफ, राहणं फुकट. नापास झाले तर बसवा घरी, बसते. पण परीक्षाच द्यायची नाही, हा कुठला कायदा?

रामकिशन : माझा कायदा. फैसला झालाय. लखनसंगं मी जातो. तू पेटी चढवू लाग आन् मायसंगं घरी जा.

नागाबाई : आली बगा गाडी. ए लखन! इकडं ये, गादी उचल... राजकन्ये, खेळात मधीच माणूस बदलतेत का गं?

राजकन्या : बदलतात की. पाच बदलता येतात.

नागाबाई : मला एकच पुरे. अवो, तुमी ऱ्हावा. ही जाईल लखनसंगं.

रामकिशन : येडी झालीस का?

नागाबाई : बाईमाणूस म्हणून हिला तिकीट बी अर्धंच लागतंय.

रामकिशन : सवाल तिकिटाचा न्हाई!

नागाबाई : मंग कशाचा हाय? राजकन्ये, पिशवी घे. हिचं कापड-चोपड, पेन, समदं भाकरीसंगं बांधलंय म्या.

रामकिशन : म्हंजी घरूनच ठरवून आलीस!

नागाबाई : लखनचं ठरिवलं तवा मला इचारलं व्हतं? चढ गं. लखन, आधी हिला परीक्षेपतुर सोड, मंग तुझ्या खोलीचं बघ. आन् हिला खिडकी दे, गाडी लागती हिला.

राजकन्या : अण्णा, येते.

रामकिशन : ...मोबाईल घे तुझा. तिथं गेली की फोन कर.

नागाबाई : निघाली. हातबी करंना झाली कारटी. चला आता, हितं उभं राहून काय गाडी माघारी येती?

रामकिशन : लोकं काय म्हणतेल?

नागाबाई : म्हणू द्या. लोकायला फेऱ्या न्हाईत, आपल्याला हायत.

रामकिशन : आन् नापास होऊन आली तर?

नागाबाई : तर हारली म्हणू. खेळून.