आतला त्रास

निगडीतल्या दातांच्या दवाखान्यात तनुजा दुखरा गाल धरून बसली होती. समोरच्या बाकावर सोपानराव बसले होते, त्यांचाही गाल टम्म सुजलेला. त्यांची बायको गोजाबाई त्यांना पढवत होती.

"आत गेल्या गेल्या पोटाचं सांगा."

"दाताच्या डाक्टरीणबाईला पोटाचं कशापायी?"

"मागं खोकल्याच्या अँटिबायोटिकनं आतड्याला इन्फेक्शन झालं. बरं झालं की पुन्ना, बरं झालं की पुन्ना! आता कुटली बी अँटिबायोटिक इचारल्याबिगर घ्यायची न्हाई, असं पोटाच्या डाक्टरांनी बजावलंय ना?"

"हळू बोल. लोकं ऐकत्यात."

"सांगनार का न्हाई?"

"सांगतो, व्हय."

सोपानराव आत गेले. दार अर्धवट उघडंच राहिलं.

"काका, आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय?"

"झाला व्हता. जरा... आतला."

"आतला म्हणजे? हृदयाचा?"

"त्याच्या खाली."

"किडनीचा?"

"आनखी खाली."

"गुडघ्याचा?"

गोजाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या, "जुलाब, बाई, जुलाब! अँटिबायोटिकनं! दोनदा अ‍ॅडमिट केलं व्हतं!"

तनुजाला हसू फुटलं आणि दाढेतून कळ गेली.

"बरं झालं बोललात, काकू!" डॉक्टर आतून म्हणाल्या. "मी गोळ्या लिहायलाच घेतल्या होत्या. आता आधी पू काढते, बहुतेक तेवढ्यानं भागेल. गोळी लागलीच, तर तुमच्या पोटाच्या डॉक्टरांशी बोलून देईन."

थोड्या वेळानं सोपानराव तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आले.

"समद्या गावाला सांगितलंस."

"मी डाक्टरला सांगितलं. गावानं फुकटात ऐकलं."