चांदीचे पायमोजे

बँकॉकच्या त्या निधी-कार्यालयात बूट दाराशीच काढावे लागतात. मुलाखतीला आलेला विरोट नुसत्या पायमोज्यांत बसला होता. शेजारी अतिसूक्ष्म नॅनोकणांचे धोके तपासणाऱ्या दोघी संशोधक बोलत होत्या.

“ताई, गेल्या वर्षी यांनी तुम्हाला पैसे का नाकारले?”

“त्यांनी विचारलं, नॅनोकण मोजून निघणार काय? मी म्हटलं, काहीच वाईट न निघो!”

“मग देतील कशाला?”

“अगं, चोर बघितल्याशिवाय कुलूप घेत नाहीत का?”

“वस्तू बनवणाऱ्यांना मात्र मागतील तेवढे! नॅनोचांदीचे पायमोजे म्हणे, वास घालवतात.”

“वासाआधी चांदीच जात असेल धुण्यात! पण तपासायला एक जोड देतील तर शपथ.”

विरोटने पाय खुर्चीखाली ओढले. तेवढ्यात आतून हाक आली, “पायमोजेवाले विरोट!”

दोघींची नजर त्याच्या पायांकडे गेली. विरोटने पिशवीतून कोरा जोड काढून वाकून पुढे केला. “धुऊन बघा, ताई. निघेल ते मलाही सांगा.”

तो आत गेला तशी ताई खुदकन हसली.

“बघ, पहिला निधी जमा!”