ट्रास्कचा शेवटचा सामना

नको, कॉफी पुरे, सिगरिडबाई — बटाट्याची पोळी मात्र घेतो अजून एक. हां, तर आइस हॉकीची लीग. आमच्या कॉलेजच्या संघाला लीग नाही, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलंच असणार. खरंय ते. तीन वर्षांपूर्वी बाकीच्या कॉलेजांनी वेगळी चूल मांडली — दरवेळी अलास्कापर्यंत कोण तडफडणार म्हणे! तेव्हापासून आम्ही स्वतंत्र. ऐकायला झकास वाटतं ना? म्हणजे काय, तर मी अख्खा उन्हाळा फोन घेऊन बसतो आणि एकेका कोचच्या विनवण्या करतो — बाबा रे, दोन सामने खेळ आमच्याशी, दोन नाही तर एक तरी. यंदा एकवीस जमलेत. इतरांचे चौतीस होतात. पण तुमच्या लेकाला, एस्पेनला मी पहिल्या दिवसापासून गोलमध्ये उभा करतो, शब्द देतो! — का म्हणजे? पोरगं चांगलं आहे म्हणून. आणि... दुसरा गोलकीपरच नाही माझ्याकडे. होते दोन, दोघंही गेले लीगवाल्यांकडे. शुक्रवारपर्यंत एकाची सही नेली नाही तर कॉलेज संघच गुंडाळणार आहे — हे बोलायचं नव्हतं मला.

हंगामाअखेरची स्पर्धा? अहो, लीगच नाही तर स्पर्धा कुठली! वेळापत्रक संपलं की हंगाम संपला. आणि समोरच्यानं ऐनवेळी नाही म्हटलं, तर त्याच्याही आधी संपतो. गेल्या फेब्रुवारीत तेच झालं. वेस्ली ट्रास्क, आमचा कॅप्टन — चार वर्षं खेळला, एकदाही कुरकुर नाही. शनिवारी त्याचा शेवटचा सामना. आई-बाप तिकडे कॅनडातल्या सस्कॅचेवानहून निघालेले, बापानं हयातीत पहिल्यांदा विमानात पाय ठेवलेला. आणि शुक्रवारी कळलं, समोरचा संघ येत नाही. वादळ. — हो, वादळ. म्हणजे पोरांना मी तसंच सांगितलं. वादळ कसलं, ऊन पडलं होतं चक्क. त्यांना घराजवळ दुसरा सामना मिळाला, सोमवारीच कळवलं होतं त्यांनी मला. सोमवारी! चार दिवस मी गप्प बसलो, पोरांकडून सराव करून घेतला — वाटलं, कुणीतरी मिळेल, शेजारचा हौशी संघ, कुणीही. बावीस जणांना फोन केले. शुक्रवारी संध्याकाळी ट्रास्कनं विचारलं, "कोच, म्हणजे मागच्या आठवड्यातला तो शेवटचा होता का?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "माहीत असतं तर जरा नीट खेळलो असतो." एवढंच. त्या सामन्यात त्याला बरं नव्हतं, अर्ध्यातून मीच बाहेर बसवला होता त्याला. म्हटलं, पुढच्या शनिवारसाठी दम राखून ठेव.

नाही, रडत नाहीये. पोळी गरम आहे.

बघा, एस्पेनचं मी असं होऊ देणार नाही. यंदा लेखी घेतलंय सगळ्यांकडून — जवळजवळ सगळ्यांकडून. — काय? ट्रास्कला? खरं सांगितलं का त्याला?

नाही. फोन नाही केला. नंबर आहे.

तुम्ही उठलात का? अहो, सहीचा कागद तरी वाचा — बरं. बरं, राहू द्या. तो करडा कोट माझा. जातो मी. दार लावून घ्या, बर्फ आत येतोय.