पुलावरच्या सुट्ट्या

(शहरदर्शनाची बस डेपोत उभी. ड्रायव्हर आपल्या जागेवर, वहिनी पुढच्या दांड्याला धरून रिकाम्या बाकांकडे तोंड करून उभ्या.)

ड्रायव्हर: पुन्हा डावाच हात, वहिनी.

वहिनी: डावीकडे म्हटलं, डावा हात केला. चुकलं कुठे?

ड्रायव्हर: तुमचं तोंड प्रवाशांकडे आहे. त्यांचं डावं ते तुमचं उजवं. तोंडाने संसद सांगताय आणि हाताने, माफ करा, मुतारी दाखवताय.

वहिनी: आणि उजवीकडे म्हणते तेव्हा?

ड्रायव्हर: तेव्हाही डावाच. मघापासून आरशात बघतोय. उजवा नुसता लोंबतोय. दुखतोय का?

वहिनी: नाही हो. ह्यांचं बघून शिकले ना. ह्यांचा उजवा आता उचलत नाही. पलंगावर बसून अख्खा देश एकाच हाताने दाखवतात. मला वाटलं, गाइडची हीच रीत.

ड्रायव्हर: बरं. घोटभर पाणी प्या.

वहिनी: नको. तुमच्या सुपरवायझर मॅडम कधी येतायत?

ड्रायव्हर: जेवून येते म्हणाल्यात. म्हणजे अजून अर्धा तास तरी. मग डेपोतून निघायचं, पूल ओलांडून चौकापर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. तेवढ्यात त्या तुम्हाला ऐकतील आणि ठेवायचं की नाही ते सांगतील. घ्या, पहिल्यापासून. भूगोल.

वहिनी: नमस्कार मंडळी. आपल्या देशाला तिन्ही बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र. म्हणजे देवाने आपल्याला खुर्चीत बसवलंय. पाठीला टेका, दोन्ही हातांना टेका, आणि पाय पाण्यात सोडलेले. उत्तरेच्या डोंगरातून दोन नद्या निघतात, थोरली आणि धाकटी. थोरली सावकाश येते, धाकटी धावत येते. या शहरात दोघी भेटतात आणि पुढे समुद्रापर्यंत नाव थोरलीचंच चालतं. घरोघरी तेच, मंडळी.

ड्रायव्हर: इथे थांबायचं. इथे हसतात.

वहिनी: आणि नाही हसले तर?

ड्रायव्हर: तर मी हॉर्न वाजवतो. मास्तरांचं आणि माझं ठरलेलं होतं.

वहिनी: त्यांना मास्तर म्हणणारे आता तुम्हीच उरलात, भाऊजी. बाकी सगळे पेशंट म्हणतात.

ड्रायव्हर: चिन्हं घ्या.

वहिनी: आपला राष्ट्रीय पक्षी बगळा. हा एका पायावर उभा राहून वाट बघतो. का, ते कुठल्याही सरकारी कचेरीत गेलात की कळेल. राष्ट्रीय फूल सूर्यफूल. झेंडा निळा आणि पांढरा. निळा समुद्राचा, पांढरा डोंगरावरच्या बर्फाचा. मधला पिवळा पट्टा कशाचा, यावर समिती बसलेली आहे, ती अजून उठलेली नाही.

ड्रायव्हर: छान. आवाज थोडा वर काढा. तुम्ही पोथी वाचल्यासारखं म्हणताय.

वहिनी: मग काय करू? रोज सकाळ-संध्याकाळ तेच ऐकते. अंघोळ घालताना घंटाघर, कूस बदलताना बगळा. तहान लागली की म्हणतात, थोरली नदी. तेवढं बरंय, कळतं तरी. राग आला की देशातला सर्वांत लांब बोगदा. परवा मी चमच्याने भरवत होते, तर तीनदा बोगदा म्हणाले. गरम होतं, तोंड भाजलं होतं.

ड्रायव्हर: दुसरं काहीच येत नाही?

वहिनी: नाही. डॉक्टर म्हणाले, माणसाचं रोजचं बोलणं एका खोलीत असतं आणि घोकून घोकून पाठ झालेलं दुसऱ्या खोलीत. झटका आला तेव्हा पहिल्या खोलीचं छप्पर पडलं, दुसरी शाबूत राहिली. त्यांना माझं नाव येत नाही, भाऊजी. बगळ्याचं येतं.

ड्रायव्हर: बसा जरा. उभ्याने कशाला.

वहिनी: बसले तर उठणार नाही. कंटाळले हो. माणसाला नाही कंटाळले, देवाशप्पथ नाही. पण त्या बगळ्याची मान पिरगळावीशी वाटते.

ड्रायव्हर: आणि तोच बगळा विकायला इथे आलात.

वहिनी: नाहीतर काय करू? ताई रविवारी येतायत त्यांना न्यायला.

ड्रायव्हर: मास्तरांची बहीण?

वहिनी: हो. हे जमलं नाही आणि मी कारखान्यात लागले तर पाळी दिवसभराची. ह्यांच्याजवळ कोण बसणार? ताई म्हणाल्या, माझ्याकडे घर मोठं आहे, पाठव. वाईट नाहीत हो त्या, जीव आहे भावावर. पण त्यांचं गाव पार डोंगरापलीकडे. जायला एक दिवस, यायला एक दिवस. तिकडे गेले की गेले. पहिला महिना मी फोन करेन, मग सणावारी करेन, मग त्यांना माझा आवाजही ओळखू येणार नाही. इथे तुमच्या दोन फेऱ्या मिळाल्या तर दुपारी मी घरी. सकाळपुरत्या शेजारच्या काकू बसायला तयार आहेत.

ड्रायव्हर: मिळेल.

वहिनी: तुम्ही सांगितलंत म्हणून मिळत असतं तर कशाला हवं होतं.

ड्रायव्हर: पुढे चला. संसद झाली, घंटाघर झालं, बंदर झालं. आता गाडी पुलावर चढते. पुलावर काय?

वहिनी: सुट्ट्या.

ड्रायव्हर: बरोबर. पुलावर रोज खोळंबा. बाहेर बघायला काही नाही, म्हणून राष्ट्रीय सुट्ट्या तिथे. घ्या.

वहिनी: ते मला येत नाही.

ड्रायव्हर: म्हणजे?

वहिनी: ते तिथेच थांबतात. 'मंडळी, गाडी पुलावर अडकलीय, तोवर आपल्या राष्ट्रीय सुट्ट्या' एवढं म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. डोळ्यांत पाणी येतं. मग मी त्यांचं तोंड पुसते, पांघरूण सारखं करते. पुढचं काही येत नाही. म्हणून मी शाळेच्या पुस्तकातून पाठ केलंय. स्थापना दिन, ध्वज दिन, कामगार दिन, नदी दिन. स्थापना दिनी सकाळी संसदेसमोर तोफांची सलामी होते. ध्वज दिनी शाळेतली मुलं...

ड्रायव्हर: पुस्तकातलं नको. झोपतील लोक.

वहिनी: मग ते काय म्हणायचे?

ड्रायव्हर: असंच, इकडचं तिकडचं.

वहिनी: इकडचं तिकडचं म्हणजे काय? इतकी वर्षं त्यांच्या पाठीला पाठ लावून गाडी चालवलीत. कानात बोळे होते का?

ड्रायव्हर: नव्हते.

वहिनी: मग सांगा की. मॅडम येतील आता. गयावया करायला लावता का मला?

ड्रायव्हर: तुमच्याबद्दल बोलायचे.

वहिनी: कुठे?

ड्रायव्हर: पुलावर. सुट्ट्या आल्या की तुम्ही यायचात. म्हणायचे, मंडळी, देशाच्या सुट्ट्या मला विचारू नका, माझ्या बायकोला विचारा. त्या दिवशी मी तुम्हाला देश दाखवत असतो आणि ती घरी दाराकडे बघत असते. आमच्याकडे स्थापना दिन दुसऱ्या दिवशी होतो. रस्ते झाडून झालेले, झेंडे उतरवलेले, लोक कामाला निघालेले, आणि आमच्या घरात ही नवे कपडे घालून बसलेली. मी म्हणतो, अगं, लोक हसतील. ती म्हणते, देशाचं काल झालं, आज आपलं.

वहिनी: असं मी म्हटलं होतं. लग्न झालं त्या वर्षी. चिडून म्हटलं होतं हो, लाडाने नाही.

ड्रायव्हर: ते चिडून म्हणाल्याचं सांगायचे नाहीत.

वहिनी: मला कधी बोलले नाहीत. घरी आले की पायातले बूट काढायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. मी म्हणायची, दिवसभर बडबड करून घरी तोंडाला कुलूप.

ड्रायव्हर: प्रवासी उतरून जातात, वहिनी. त्यांच्यापुढे बोलायला सोपं जातं.

वहिनी: पण मग नेमके तिथेच का अडकतात? बगळा येतो, बोगदा येतो. हेही पाठच होतं ना?

ड्रायव्हर: पाठ कुठे होतं? बाकी सगळं शब्दाला शब्द. मी झोपेतही म्हणेन. पुलावरचं मात्र दर फेरीला निराळं. कधी तुमचे कपडे, कधी तुमचं भांडण, एकदा तर तुमच्या घोरण्यावर बोलले, अख्खी बस हसली. ते सगळं तुमच्या त्या पहिल्या खोलीतलं.

वहिनी: म्हणजे ते आठवायला बघतात आणि सापडत नाही.

ड्रायव्हर: तसंच असणार.

वहिनी: आणि मी तोंड पुसत बसते.

ड्रायव्हर: डोळे पुसा. मॅडम आल्या.

मॅडम: उठू नका, उठू नका. अरे, उभ्याच आहात. मग मीच बसते. पायांचे तुकडे पडलेत आज. यांनाच घ्यायचंय ना, मास्तरांच्या मिसेस? चला, काढा गाडी. सुरू करा तुम्ही.

वहिनी: नमस्कार मंडळी. आपल्या देशाला तिन्ही बाजूंनी डोंगर आणि...

मॅडम: खुर्ची, पाय पाण्यात. ठीक. मला पाठ आहे ते. चिन्हं पण राहू द्या, तुम्हाला येत असणार. मला जागा दाखवा. आता काय येतंय?

वहिनी: तुमच्या डावीकडे घंटाघर. याचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. कारण देश नेहमी पुढे असावा, असं ते बांधणाऱ्याचं म्हणणं होतं.

मॅडम: हात बरोबर केलात. नव्या लोकांचा तो हमखास चुकतो.

ड्रायव्हर: मीही आरशात बघितलं, उजवा उचलला.

मॅडम: तुम्ही रस्त्याकडे बघा. आला पूल. झालं, लागली रांग. पुढे ट्रकचं बूड. बोला, बाई. या जागेला बरेच जण पडलेत. आधीच्या मुलाने तर गाणं म्हटलं होतं.

वहिनी: मंडळी, गाडी पुलावर अडकलीय, तोवर आपल्या राष्ट्रीय सुट्ट्या. स्थापना दिन, ध्वज दिन, कामगार दिन, नदी दिन.

मॅडम: पुढे?

वहिनी: त्या दिवशी शाळा बंद, कचेऱ्या बंद, दुकानं बंद आणि ही बस चालू. आमचे हे याच दांड्याला धरून उभे असायचे. मी घरात बसून जळायची. म्हणायची, अख्ख्या देशाला सुट्टी आणि माझ्याच माणसाला नाही, एवढं काय ठेवलंय त्या बसमध्ये. आज पहिल्यांदा बघितलं काय ठेवलंय. आता मी इथे उभी आणि ते घरी. त्यांना रोज सुट्टी आहे, पण अशी सुट्टी वैऱ्यालाही नको. तर मंडळी, बाहेर बघू नका, बाहेर ट्रक आहे. शेजारी कोण बसलंय तिकडे बघा. गाडी हलेपर्यंत वेळ आहे. त्यांना विचारा, मागच्या सुट्टीला आपण कुठे होतो.

मॅडम: हे कुणी लिहून दिलं?

वहिनी: कुणी नाही.

मॅडम: लोक सहलीला येतात, बाई. पैसे देऊन रडायला नाही येत.

वहिनी: हो.

ड्रायव्हर: मॅडम, ट्रक हलतोय.

मॅडम: मग हलवा तुम्हीही. वैरी वगैरे काढून टाका. शेजारी बघा म्हणालात, ते ठेवा. माझ्या शेजारी कुणी नव्हतं म्हणून मी खिडकीकडे बघितलं, नाहीतर शेजारीच बघितलं असतं. सोमवारी या. सकाळच्या दोन फेऱ्या. आणि आत्ताच सांगते, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी रजा मागायची नाही.

वहिनी: नाही मागणार.

मॅडम: मला चौकात उतरवा. तिथून चालत जाते, पाय गेले तरी बेहत्तर, पण पुलावर परत अडकायला नको. मास्तरांना सांगा, मी विचारलंय.

ड्रायव्हर: सावकाश उतरा, मॅडम. हं. गेल्या. वहिनी, आता तरी बसा.

वहिनी: बसते. आधी फोन करते, ताईंना.

ड्रायव्हर: करा. मी गाडी बाजूला घेतो.

वहिनी: हॅलो, ताई? हो, मीच. नाही नाही, बरे आहेत, काही झालेलं नाही. ताई, रविवारी या, पण भेटायला या. हो, मिळाली. आत्ताच. सकाळच्या दोन फेऱ्या. अहो, तुमच्यावर भरवसा नाही असं कसं म्हणेन मी? तुमचाच भाऊ आहे. पण त्यांना राहू द्या इथे. त्यांना माझ्याशी काहीतरी बोलायचंय, ताई. बोलता येईल की नाही माहीत नाही, पण मी ऐकायला नको का घरात? हो. हो, जेवायलाच या. बॅग? भरून ठेवली होती ना, बुधवारीच. आता घरी गेले की कपडे परत कपाटात लावते.